उशाकडच्या विटा

पलंगाच्या बाजूच्या फळीवर पाण्याचा पेला ठेवला की पेला तिरका दिसे आणि पाणी मात्र सरळ राही. एका अंगाला पाणी काठाशी येई, दुसऱ्या अंगाला चांगलं बोटभर खाली. जयतीर्थराव रोज दुपारी आडवं होण्याआधी असा पेला ठेवून पाहत. बोटभर फरक दिसला म्हणजे पलंग जागेवर आहे. फरक कमी दिसला म्हणजे केर काढताना कुणीतरी वीट हलवली. त्यांची सगळी नोकरी कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात रेघा सरळ आहेत की नाहीत हे पाहण्यात गेली होती. निवृत्त झाल्यावर आता एक रेघ मुद्दाम तिरकी ठेवायची वेळ आली होती.

मागच्या पावसाळ्यात त्यांच्या आतड्याला गाठ निघाली. डॉक्टरांनी ती कापून काढली आणि आतड्याचं तोंड पोटाच्या डाव्या बाजूला बाहेर आणून दिलं. त्यावर रबराची पिशवी, ती धरायला कमरेचा पट्टा, आणि पिशवीची कडा कातडीला चिकटून राहावी म्हणून डिंकाची पूड. काम पूर्वीचंच, फक्त दार बदललं होतं. या नव्या दाराला कडी नव्हती एवढीच अडचण. पोटात वारा धरला की तो कुणाला न विचारता आवाज करून बाहेर पडे.

दिवसा एवढ्यावर निभत असे. खरा प्रश्न झोपेचा होता. सपाट झोपलं की पिशवीतला ऐवज तळाशी जाण्याऐवजी तोंडापाशीच रेंगाळे. मग कडा सुटे आणि पहाटे चादर, गादी आणि पत्नी वसुमतीबाईंची झोप, तिन्ही धुऊन निघत. पाठीशी उशा रचून पाहिल्या. त्याने मान अवघडे, कमरेत घडी पडे आणि घडीत पिशवी दुमडे.

शेवटी क्षमा म्हणाली, "अण्णा, तुम्ही वाकू नका. पलंगच तिरका करू या."

क्षमा त्यांची एकुलती एक मुलगी. ती कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवत असे. तिने परसातल्या विटा आणून पलंगाच्या उशाकडच्या दोन्ही पायांखाली रचल्या. पहिल्या दिवशी जयतीर्थराव झोपेत घसरत घसरत पायथ्याशी पोहोचले. दुसऱ्या दिवशी तिने त्यांच्या गुडघ्यांखाली लोड दिला. त्यानंतर ते घसरले नाहीत आणि पिशवीही गळली नाही. मल्लेश्वरमच्या त्या घरात सगळे पुन्हा झोपू लागले.

ही गोष्ट घरातल्या तिघांना आणि डॉक्टरांना ठाऊक होती. बाहेर कुणाला नाही. कारण क्षमाचं लग्न ठरत आलं होतं. मुलगा नरसिंह इथेच एका प्रयोगशाळेत होता, दोघांची पसंतीही झाली होती. पण त्याचे वडील भीमाचार्य धारवाडचे, मडीचे, म्हणजे सोवळ्याचे, कडक. आणि कन्यादानाला मुलीच्या बापाने मुकटा नेसून, उघड्या अंगाने बसायचं असतं.

"कन्यादानाला कोण बसणार?" वसुमतीबाई विचारत.

"बघू."

"धाकट्या भाऊजींना बसवायचं तर त्यांना आधी सांगायला हवं."

"बघू म्हटलं ना."

"अण्णा, नरसिंहाला मी सांगू का?" क्षमा म्हणे. "त्याला काही वाटायचं नाही."

"त्याला नाही वाटणार. त्याच्या बापाला वाटेल. योग्य वेळ आली की मी सांगेन."

योग्य वेळ यायच्या आत भीमाचार्यच आले. तिथी धरायला ते आणि त्यांच्या थोरल्या बहीण अंबूबाई सकाळच्या गाडीने उतरले, संध्याकाळच्या गाडीने परत जायच्या बोलीवर. वसुमतीबाईंनी पलंगाच्या खोलीला बाहेरून कडी घातली होती.

अंबूबाईंनी आंघोळ केली आणि ओलं लुगडं काठीवर घेऊन त्या घरभर फिरल्या. मडीचं लुगडं वाळायचं तर तिथे कुणाचा हात, कुणाचा पदर लागता कामा नये.

"ही खोली कसली गं?"

"अय्यो, तिथे नुसती अडगळ आहे अक्का."

"म्हणजे कुणी जात नाही ना? मग तीच बरी." अंबूबाईंनी काठीच्या टोकानेच कडी काढली. क्षणभराने आतून आवाज आला, "वसुमती, हा पलंग चढाला का लागलाय?"

वसुमतीबाईंच्या तोंडून पटकन निघालं, "मुंग्या फार झाल्यात. म्हणून विटा लावल्या."

"मुंग्या काय उशाकडच्याच पायांनी चढतात?"

वसुमतीबाई आयुष्यात फार खोटं बोलल्या नव्हत्या, त्यामुळे दुसरं खोटं शोधताना त्या गडबडल्या. "यांना सपाट झोपलं की स्वल्प... त्रास होतो. म्हणून उंच झोपतात."

अंबूबाईंनी लुगडं दांडीवर पसरलं, चारी टोकं सारखी केली आणि मगच तोंड उघडलं.

"दमा," त्या म्हणाल्या.

उशी उंच करून कोण झोपतं हे अंबूबाईंना कुणी शिकवायला नको होतं. त्यांच्या सासरी तीन पिढ्या भिंतीला टेकून झोपत आल्या होत्या.

बाहेरच्या खोलीत जयतीर्थरावांना यातलं काही माहीत नव्हतं. ते भीमाचार्यांबरोबर कॉफी घेत बसले होते. अंबूबाई आल्या, भावाच्या कानाशी वाकल्या आणि आत गेल्या. भीमाचार्यांनी पेला खाली ठेवला.

"जयतीर्थराव, तुम्हाला रात्री झोप कशी लागते?"

"उत्तम."

"उंच झोपता म्हणे."

जयतीर्थराव दचकले. "हो, पाठ धरते. जुनं दुखणं. सगळा जन्म टेबलावर वाकून नकाशे काढले ना."

"आत तर दमा सांगितला."

"दमा? छे छे! कुणी सांगितला?"

"सरी, सरी, असू दे. रागावू नका," भीमाचार्य मऊ आवाजात म्हणाले. "आमच्याकडे दम पाहायची एक साधी रीत आहे. एखादं मोठं स्तोत्र घ्यायचं आणि जेवढं होईल तेवढं एका श्वासात म्हणायचं. तुम्हाला येतच असेल."

जयतीर्थराव सरसावून बसले. एवढ्यावर भागत असेल तर बरंच झालं. त्यांनी छाती भरून श्वास घेतला आणि सुरुवात केली. पहिले दोन श्लोक झाले, तिसरा लागला. भीमाचार्य मान डोलावू लागले. चौथ्या श्लोकापाशी पोटाला ताण बसला आणि सदऱ्याखालून, डाव्या बाजूने, गुळण्या केल्यासारखा एक लांब आवाज निघाला.

तो झाकायला जयतीर्थराव खोकले. आवाज थांबेना, म्हणून मोठ्याने खोकले. मग आवाज थांबला, पण आता ठसका खरोखरच लागला.

"पाणी आणा कुणीतरी!" भीमाचार्य ओरडले, आणि दाराआडून अंबूबाई म्हणाल्या, "ऐकलंस? छातीत कसं घरघरतंय ते?"

पुढे सकाळभर तेच चाललं. पोट बोलायचं आणि जयतीर्थराव खोकायचे. दर खोकल्याला अंबूबाई भावाकडे बघायच्या. मग त्यांनी क्षमाकडे मोर्चा वळवला. तिला विहिरीवरून पाणी आणायला लावलं, माळ्यावरचं घंगाळ उतरवायला लावलं, ते नको म्हणून परत चढवायला लावलं. प्रत्येक वेळी तिच्या पाठीशी कान लावून उभ्या राहिल्या. क्षमा शांतपणे सगळं करत होती. तेवढ्यात वसुमतीबाईंनी हुळीच्या आमटीला सुक्या मिरचीची फोडणी दिली. घरातली सगळी माणसं खोकली. अंबूबाई तर डोळे पुसेपर्यंत खोकल्या. पण तो फोडणीचा खोकला होता. क्षमाचा मात्र वडिलांवर गेला होता.

"अक्का, तुम्हीपण खोकलात की," क्षमा म्हणाली.

"माझं लग्न व्हायचंय का आता?" अंबूबाई म्हणाल्या.

जेवणं झाली. पुरणाचे होळिगे चांगले झाले होते आणि भीमाचार्य वाढणाऱ्याला नको म्हणत नसत. जेवून उठले ते छातीवर हात चोळतच. घशाशी जळजळत होतं, आंबट पाणी तोंडात येत होतं. हा त्यांचा रोजचा त्रास होता.

"जरा पाठ टेकतो," ते म्हणाले. कुणी चटई आणायच्या आत ते पलंगाच्या खोलीत शिरले, बहिणीच्या लुगड्याखालून अंग चोरून वाकले आणि त्या चढावर आडवे झाले. लोड गुडघ्यांखाली आपोआपच आला. थोड्याच वेळात ते घोरू लागले.

जयतीर्थरावांच्या झोपेचीही तीच वेळ होती. बाहेरच्या खोलीत त्यांनी चटई टाकली आणि सपाट पडले. तांबडी, घोटून गुळगुळीत केलेली जमीन होती. तिला कुठेही उतार नव्हता. मिस्त्रीने नको तिथे नेमकं काम चोख केलं होतं. ते उजव्या कुशीला वळले, मग पाठीवर झाले. थोड्या वेळाने त्यांना कडेपाशी ओळखीची ऊब जाणवली. कडा सुटायला लागली होती. ते हात टेकून बसले, भिंतीला पाठ लावली आणि तसेच राहिले. मान पुढे कलत होती.

स्वयंपाकघरातून बोलणं ऐकू येत होतं.

"राग मानू नको वसुमती," अंबूबाई म्हणत होत्या. "मुलगी लाखात एक आहे. पण दम्याचं घर नको. माझं निम्मं आयुष्य रात्री पाठ चोळण्यात गेलं."

"पण अक्का, यांना दमा नाहीच मुळी."

"मग काय आहे?"

वसुमतीबाई भांडी आवरू लागल्या. नवऱ्याला दिलेला शब्द होता.

"बघ, तुलाच सांगता येत नाही. अगं, माणसाचा हात मोडतो, पाय मोडतो, पोट फाडावं लागतं. त्याला कोण काय म्हणतंय? ते ज्याचं त्याच्यापाशी राहतं. दमा तसा नाही. तो मुलीबरोबर सासरी येतो."

भिंतीला टेकलेल्या जयतीर्थरावांची झोप पार उडाली. पोट फाडलेलं चालत होतं. जे चालत होतं ते त्यांनी महिनोन्‌महिने लपवलं होतं आणि जे चालत नव्हतं ते सकाळपासून खोकून खोकून सिद्ध करून दिलं होतं.

क्षमा दारात उभी होती. तिनेही ऐकलं होतं. ती वडिलांच्या सदऱ्यावर डावीकडे उमटलेला ओला डाग पाहून आतून धुतलेला सदरा आणि पंचा घेऊन आली. जयतीर्थराव न्हाणीघरात जाऊन सगळं नीट करून आले. तेवढ्यात भीमाचार्य जागे झाल्याचा आवाज आला.

"अक्का! अगं अक्का, इकडे ये!"

सगळेच धावले. भीमाचार्य पलंगावर तसेच पडून होते. चेहरा तेल लावून न्हाल्यासारखा टवटवीत.

"जळजळ नाही. आंबट पाणी नाही. इतकं जेवून मी असा झोपलोय हे कधी आठवतं का तुला? ही युक्ती कुणाची?"

"क्षमाची," वसुमतीबाई म्हणाल्या.

"शाब्बास पोरी!"

"भीमा, ऊठ. आवर आता," अंबूबाई दांडीवरचं लुगडं काठीने उतरवत म्हणाल्या. "गाडीची वेळ झाली. मी यांना सांगितलंय सगळं. नाही जमत."

"नाही जमत?" भीमाचार्यांचा चेहरा पडला. त्यांनी पलंगाच्या फळीवरून हात फिरवला. "सरी. दमा म्हणजे मोठं कारण. सोयरीक नको तर नको. पण अक्का, त्यासाठी आजच जायला हवं का? दोन दिवस राहू. माझी छाती जरा निवळू दे. जयतीर्थराव काय परके आहेत? काय हो, जयतीर्थराव?"

"भीमा, सोयरीक मोडून त्यांच्याच पलंगावर राहणार तू?"

"सोयरीक आणि पलंग या वेगळ्या गोष्टी आहेत," भीमाचार्य म्हणाले आणि गुडघ्यांखालचा लोड जरा नीट करून घेतला.

जयतीर्थराव उंबऱ्यात उभे होते. दुपारची झोप गेली होती. रात्रही जाणार होती आणि मुलीचं स्थळही. त्यांचं पोट बोललं, दुपारच्या शांततेत चांगलं स्पष्ट. सगळ्यांनी खोकल्याची वाट पाहिली. ते खोकले नाहीत.

"ही माझी छाती नाही," ते म्हणाले. "हे पोट आहे. मला दमा नाही, पाठही धरत नाही. गाठ आली म्हणून आतडं कापलं आणि त्याचं तोंड इथे डाव्या बाजूला काढलं. त्यावर रबराची पिशवी आहे. सपाट झोपलं की ती गळते. म्हणून विटा."

अंबूबाईंच्या काठीवर लुगडं तसंच लोंबत राहिलं.

"म्हणजे दमा नाही?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"तुमच्या वडिलांना?"

"नव्हता."

"आजोबांना?"

"ते विहिरीत पोहत असत."

अंबूबाईंनी वसुमतीबाईंकडे वळून पाहिलं. "आणि तू मला मुंग्या सांगितल्यास!" असं म्हणून त्यांनी लुगडं परत दांडीवर घातलं.

भीमाचार्य मात्र पडल्या पडल्याच कपाळाला आठ्या घालून विचार करत होते. "पण जयतीर्थराव, कन्यादानाचं काय? उघड्या अंगाने बसायचं, होमापुढे. तुमच्या जागी भावाला बसवणार?"

हाच प्रश्न वसुमतीबाई विचारत आल्या होत्या, आणि त्याला दर वेळी एकच उत्तर मिळत आलं होतं.

जयतीर्थराव पलंगापाशी गेले. फळीवर कालचा राहिलेला पेला भीमाचार्यांच्या वजनाने कलंडून खाली पडला होता. तो उचलून त्यांनी कोनाड्यात ठेवला.

"नाही. पिशवी बांधून, वरून शेला घेऊन मीच बसेन. मुलगी मी माझ्या हाताने देतो, भीमाचार्य. तुम्ही तेवढा माझा पलंग द्या."