हवेतला दवाखाना

आमच्याकडे गाडी नाही. परवडत नाही म्हणून नव्हे, लागतच नाही म्हणून! हे वाक्य मी आजवर इतक्या जणांना ऐकवलंय, की हल्ली ओळखीचे लोक मला लांबून पाहिलं तरी हातातली गाडीची किल्ली खिशात टाकतात.

आमची वस्ती शहराच्या जुन्या भागात आहे. एके काळी इथे गिरण्या होत्या. आता नुसती धुराडी उरली आहेत. त्यांतून धूर येत नाही आणि लोक त्यांचे फोटो काढतात. दगडी फरसबंदीच्या अरुंद गल्ल्या, त्यांत वाहनांना बंदी, आणि सगळं कसं पावलावर! माझं ऑफिस पावलावर, बेकरी पावलावर, वाचनालय, न्हावी, चपला शिवणारा, सगळे पावलावर. माझा थोरला भाऊ राहतो उपनगरात. तो पाव आणायला गाडी काढतो आणि पाव शिळा होईपर्यंत पार्किंग शोधत फिरतो. मला त्याची मनापासून कीव येते. तसं मी त्याला फोन करून कळवतोही.

आमचं घर म्हणजे पूर्वीचं सुताच्या गाठींचं गोदाम. आम्ही दुसऱ्या मजल्यावर. बाहेरच्या खोलीला गल्लीच्या बाजूने एक उंच लाकडी दार आहे. ते उघडलं की पुढे गॅलरी नाही, कठडा नाही, काही नाही. थेट हवा! पूर्वी या दारातून माल आत घ्यायचे. दाराच्या वर भिंतीतून एक जाड लोखंडी तुळई बाहेर आलेली आहे. तिला कप्पी लावून गाठी वर खेचायच्या. घर बघायला आलो तेव्हा बायको ते दार बघून म्हणाली, "याला आधी कुलूप लाव." मी ती तुळई बघून म्हणालो, "वा! काय घर आहे!" आमच्या संसाराचं सार यात आलं.

बायको दातांची डॉक्टर. शहराच्या दुसऱ्या टोकाला एका मोठ्या दवाखान्यात नोकरी करायची. दोन बस बदलून जायचं, दोन बस बदलून यायचं, आणि घरी आल्यावर माझं पायी चालण्यावरचं व्याख्यान ऐकायचं. शेवटी मीच तिच्या मागे लागलो. "सोड ती नोकरी! बाहेरच्या खोलीत स्वतःचा दवाखाना टाक. अख्खी वस्ती चालत येईल तुझ्याकडे!"

तिचंही ते जुनं स्वप्न होतं. तिने राजीनामा दिला, साठवलेलं होतं नव्हतं ते रोग्याच्या खुर्चीत घातलं, आणि पहिला रोगीही स्वतःच गाठला. कोपऱ्यावरचा बेकरीवाला! माणूस दारात मावणार नाही एवढा, पण दातांच्या डॉक्टरचं नाव काढलं की लहान मुलासारखा लपायचा. स्वतःच्या हाताने भाजलेले टोस्ट त्याला स्वतःला चावता येत नव्हते, तरी कित्येक वर्षं दाढ दाखवत नव्हता. बायकोने रोज पाव घेता घेता त्याला गोड बोलून तयार केलं. चार वाजता यायचं ठरलं.

"हा एक माणूस माझ्या खुर्चीत बसून हसत बाहेर गेला ना," ती म्हणाली, "की दवाखाना चाललाच म्हणून समज. रोज सकाळी सगळी वस्ती त्याच्या दुकानात असते. आणि हा जर बिचकला, तर मग संपलंच."

आदल्या दिवशी यायची खुर्ची नेमकी त्याच दिवशी सकाळी आली. मी ऑफिसात कळवलं, 'दाताच्या कामासाठी अर्धा दिवस रजा.' खोटं काहीच नव्हतं त्यात!

ट्रक गल्लीच्या तोंडाशी थांबला. हमालांनी खुर्ची हातगाडीवरून दारापर्यंत आणली आणि आमचा गोल लोखंडी जिना बघून तिथेच टेकली. मुकादमाने एकदा जिन्याकडे पाहिलं, एकदा खुर्चीकडे पाहिलं, आणि म्हणाला, "साहेब, कठडा काढावा लागेल."

'कठडा' हा शब्द त्याच्या तोंडातून बाहेर पडायचा अवकाश, पहिल्या मजल्यावरचं दार उघडलं आणि वारसासाहेब बाहेर आले. हे आमच्या वस्तीच्या जतन समितीचे अध्यक्ष. नाव वेगळं आहे, पण 'वारसा' हा शब्द आल्याशिवाय त्यांचं एक वाक्य पुरं होत नाही.

"जिन्याच्या एका खिळ्यालाही हात लावायचा नाही! हा आपला वारसा आहे!"

"अहो, पण खुर्ची वर न्यायचीय."

"मग खुर्ची कापा!"

मुकादम म्हणाला, "आम्ही जिन्याने चढवतो, साहेब. आभाळातून नाही." आणि हमाल हातगाडी घेऊन चालते झाले.

आभाळातून! माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. "अगं, तुळई! शंभर वर्षं गाठी वर गेल्या तिच्यावरून. एक खुर्ची नाही जाणार?"

"आज राहू दे," बायको म्हणाली. "बेकरीवाल्याला मी साध्या खुर्चीत तपासते. उद्या जाणकार माणूस बोलावू."

"जाणकार कशाला? पावलावर वर्कशॉप आहे!"

आणि खरंच होतं. मागच्या गल्लीतला मेकॅनिक चेनपुली घेऊन आला. त्याने ती स्वतः तुळईला अडकवली, ओढून पाहिली, आणि मला समजावलं: ही साखळी ओढली की वर, ती ओढली की खाली, मध्येच हिसका द्यायचा नाही. "काही लागलं तर बोलवा," म्हणाला, "मी इथेच आहे."

खालून साखळी ओढायला मी मेव्हण्याला बोलावलं. हा बायकोचा धाकटा भाऊ. व्यायामशाळेत जातो आणि बोलताना स्वतःच्याच दंडाकडे बघतो. मी वर दारात उभा राहून हुकूम सोडू लागलो. उंटावरून शेळ्या हाकण्यात काय सुख असतं, ते मला त्या दिवशी कळलं. खुर्ची पट्ट्यांनी बांधलेली, झुलत झुलत, अगदी महाराणीसारखी वर आली आणि दारासमोर थांबली.

समोर म्हणजे हातभर लांब. तुळई भिंतीच्या बाहेर, त्यामुळे खुर्चीही बाहेर. याचा विचार मी केला नव्हता. मी केला नव्हता म्हणजे कोणीच केला नव्हता.

"थांब," बायको म्हणाली, "दोरी टाकून ओढू."

"अगं, दोरी कशाला? नुसता पाय अडकवला की येईल आत!"

मी पाय अडकवला. खुर्ची आत आली नाही, ती पायासकट बाहेर निघाली! माझा एक पाय घरात, एक पाय खुर्चीवर, आणि मधलं अंतर वाढत चाललेलं. दोहोंतलं एक निवडायचं होतं. घाबरलेला माणूस बसायला जागा बघतो, तसा मी बसलो. खुर्चीत!

दे माय धरणी ठाय झालं. पण धरणी दोन मजले खाली होती!

"खाली घे! अरे, खाली घे!" मी ओरडलो. मेव्हण्याने सगळे दंड पणाला लावून हिसका दिला. वर खाडकन आवाज झाला, साखळी चाकावरून उतरून फटीत रुतून बसली, आणि पुली अडकली. वर नाही, खाली नाही. माझा साफ त्रिशंकू झाला.

"भावोजी, पट्टा बांधून घ्या!" मेव्हणा खालून ओरडला. मी बांधून घेतला. तो मेकॅनिककडे धावला आणि तसाच परत आला. "भावोजी, शटर बंद! मोटारसायकल काढून कुठेतरी गेलाय!"

अख्ख्या वस्तीत मोटारसायकल एकाकडे, आणि आज त्याला ती चालवायची होती!

एवढ्यात गल्लीत पर्यटकांचा घोळका शिरला. त्यांना वस्ती पायी फिरवून दाखवणारी एक मुलगी आहे. हातात मिटलेली छत्री घेऊन ती पुढे चालते. मला पाहून तीही जागीच थबकली. पण पोरगी हुशार. छत्री वर करून म्हणाली, "आणि इथे आपल्याला पूर्वी माल वर कसा चढवत, त्याचं प्रात्यक्षिक बघायला मिळतंय!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"प्रात्यक्षिक नाही हो! वाचवा!" मी ओरडलो.

"कामगारांचं जीवन किती कष्टाचं होतं, ते बघा," ती म्हणाली. लोकांनी फोटो काढले. एका आजोबांनी नातवाला सांगितलं, "बघ, तेव्हा माणसांना असं वर नेत." मी कपाळावर हात मारून घेणार होतो, पण हात सोडायची हिंमत नव्हती.

माझ्या पायाखालची खिडकी उघडली. वारसासाहेबांचं डोकं बाहेर आलं.

"झोके घेऊ नका! गिलावा खरवडला जाईल!"

"मी हौसेने झोके घेतोय का?"

"तुळईवर लोंबकळायला समितीची परवानगी घेतलीत?"

संतापाने माझी दातखीळ बसली. नाहीतर मी जे बोललो असतो, ते ऐकून गिलावा आपोआप पडला असता.

बघ्यांमधून एक ओळखीचा आवाज आला. आमच्या ऑफिसचे साहेब! दुपारचा चहा घेऊन पाय मोकळे करायला निघाले होते. त्यांनी मला पाहिलं, खुर्ची पाहिली, चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. "दाताचं काम म्हणालात, ते हेच का?"

"हो, साहेब."

"बरंच अवघड दिसतंय," ते म्हणाले आणि चालू लागले. ऑफिस पावलावर असण्याचा तोटा मला पहिल्यांदाच जाणवला.

इकडे बायको रडकुंडीला आली होती. "चार वाजत आले! तो येईल आता!" ती सारखी गल्लीच्या टोकाकडे बघत होती. माझा जीव टांगलेला, आणि तिला बेकरीवाल्याची काळजी! पण तिचं चुकत नव्हतं. तिचंही सगळंच त्या खुर्चीत टांगलेलं होतं. ती डोळे पुसून आत गेली आणि जळमटं काढायची लांब काठी घेऊन आली. टोकाला तिने दोरीचा फास बांधला होता. अंगावर पांढरा कोट तसाच. पहिला दिवस म्हणून सकाळीच चढवून ठेवलेला.

"आता हलू नकोस!" ती दारातून वाकून म्हणाली. "घट्ट धर! मी ओढते. एका झटक्यात होईल!"

"नको! नको!" मी किंचाळलो. "तुझा हात कापतोय!"

"कापणारच! मी तरी काय, पहिल्यांदाच करतेय!"

"मेलो! मला सोड!"

"ओरडू नकोस! लोक बघतायत! जरा सहन कर, थोडंच राहिलंय!"

आणि नेमक्या त्याच वेळी गर्दीच्या मागे, इस्त्रीचा शर्ट घालून, एका हाताने गाल धरून, बेकरीवाला उभा होता. दुसऱ्या मजल्याच्या उंचीवर, हवेत, दातांच्या खुर्चीत पट्ट्याने बांधलेला मी. समोर पांढऱ्या कोटातली डॉक्टरीणबाई, हातात माणसाहून लांब हत्यार. आमचा संवाद त्याने पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकला असावा. त्याच्या तोंडाचा रंग आधी त्याच्या मैद्यासारखा झाला. मग तो वळला. एवढा अवाढव्य माणूस इतका जोरात पळू शकतो, हे वस्तीला त्या दिवशी कळलं.

"अहो, थांबा!" बायको काठी उंचावून ओरडली. काठी पाहून तो आणखी जोरात पळाला.

पुढचं थोडक्यात सांगतो. मेकॅनिक आला, साखळी चाकावर बसवली, फास खुर्चीत अडकला, आणि मी व खुर्ची एकदमच आत आलो. बायकोने आधी खुर्चीला कुठे खरचटलं का ते पाहिलं. माझी चौकशी केलीच नाही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात, मी तर अख्खा देह दाखवला होता!

आमच्या वस्तीत सगळं पावलावर, तशी बातमीही पावलावर. बेकरीवाला दुकानात पोचायच्या आत ती चारही गल्ल्या फिरून आली. संध्याकाळी न्हाव्याने मला दाढीचा साबण लावता लावता विचारलं, "खरंय का हो? रोगी पळून जाऊ नये म्हणून बाई त्याला हवेत टांगतात?"

पुढे एक चिटपाखरू फिरकलं नाही. बायको रोज पांढरा कोट घालून त्या नव्या खुर्चीशेजारी बसायची आणि जिन्यावर पाऊल वाजलं की उठायची. पाऊल वारसासाहेबांचं असायचं. ते गिलावा बघायला यायचे. महिनाभराने तिने कोट घडी करून पिशवीत ठेवला आणि जुन्या दवाखान्यात फोन केला. त्यांनी आनंदाने परत घेतलं.

पहिल्याच दिवशी ती तिथे पोचली, तर बाहेरच्या बाकावर कोण? बेकरीवाला! गाल टोस्टच्या डब्याएवढा सुजलेला. तिला पाहून तो दचकून उभा राहिला. मग त्याने खाली फरशीकडे पाहिलं, दाराबाहेरच्या रस्त्याकडे पाहिलं, आणि त्याचा चेहरा खुलला.

"बाई, तुम्ही इथे बघता? मग तुमच्याकडेच दाखवतो!"

"अहो, मग घरीच का नाही आलात?" बायको वैतागून म्हणाली. "दोन पावलांवर होते की मी! इतक्या लांब कशाला आलात?"

"इथे तळमजला आहे ना!"

दाढ निघाली. तो हसत बाहेर गेला, आणि दुसऱ्या दिवशी दुकानात येईल त्याला सांगत सुटला. बायकोचा अंदाज अगदी बरोबर निघाला. अख्खी वस्ती आता तिच्याकडेच येते. सकाळच्या बसमध्ये आमच्या गल्लीतले निम्मे लोक गाल धरून बसलेले असतात, आणि डॉक्टरीणबाईंना दोन्ही बसमध्ये उभ्याने जावं लागतं.

हे तिने मला सांगितलं, तेव्हा मला हसू आलं. तेवढं मात्र मी करायला नको होतं!