मागच्या खोलीतले तीन ढीग

रविवारी सकाळी नऊ वाजता शुभांगीने मागच्या खोलीतून पहिली वस्तू बाहेर काढली. तो एक पाट होता. दुसरी वस्तूही पाटच निघाली, आणि तिसरीही. सातव्या पाटानंतर तिने मोजणं सोडलं. पौडच्या शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या बाईने मोजणं सोडावं, म्हणजे ती किती दमली असेल याचा अंदाज यावा. आणि अजून चहासुद्धा व्हायचा होता.

माले गावातल्या त्या घरात खिडकी असलेली, वारा खेळणारी खोली एकच, ती मागची. आणि तिच्यात माणसाने पाय ठेवायला जागा नव्हती. थोरले दीर चंद्रकांत ताम्हिणीला ढाबा काढून तिकडे राहायला गेले, धाकटा दयानंद हिंजवडीजवळ फ्लॅट घेऊन गेला. दोघेही गेले, सामान राहिलं. दयानंदचा बंद पडलेला कूलर, चंद्रकांतची लोखंडी खाट, पत्र्याच्या ट्रंका, मोडकं जातं, तीन सायकली मिळून चार चाकं. शुभांगी अकरा वर्षं दोघांना सांगत होती, "भावजी, तुमचं न्या की." दोघंही अकरा वर्षं एकच उत्तर देत होते, "राहू द्या हो, ते काय जेवायला मागतंय?"

तोवर शुभांगी मुलांच्या प्रयोगवह्या पलंगावर बसून, मांडीवर पोळपाट उपडा घेऊन तपासत होती. समोर टीव्ही. गेल्या महिन्यात एका मुलाच्या ऑक्सिजनच्या आकृतीवर कणकेचं बोट उमटलं, तेव्हा तिने ठरवलं की आपल्याला टेबल पाहिजे, आणि टेबलाला खोली.

घर नवं करायला पैसे लागतात. कमी करायला लागत नाहीत, असा तिचा हिशेब होता. पौडच्या बाजारात जुनं सामान विकणाऱ्या इब्राहिमकडे तिने एक टेबल हेरलं होतं. दोन खणांचं, एका खणाला चालणारं कुलूप.

"पैसे कशाला मॅडम?" इब्राहिम म्हणाला होता. "घरातलं भंगार द्या. शंभर किलो लोखंड भरलं की टेबल तुमचं. रविवारी चारला टेम्पो घेऊन येतो. पण रविवारीच हां. सोमवारी दुसरं गिऱ्हाईक बघायला येणार आहे."

शुभांगीने दारापुढच्या ओट्यावर तीन जुन्या साड्या अंथरल्या. एकीवर ठेवायचं, एकीवर द्यायचं, एकीवर इब्राहिमचं. नवरा शेखर दारात उभा राहून ब्रशवर पेस्ट घेत होता.

"काढतीयेस ते बरंय, पर आईला इचारलंस का?"

आई, म्हणजे लीलाबाई, माजघरात लसूण सोलत होत्या. "मला काय इचारताय?" त्या म्हणाल्या. "माझं हाय काय त्यात?"

अकराच्या सुमारास शेजारच्या गंगूबाई पाण्याची कळशी घेऊन जाताना थबकल्या. त्यांनी पहिला ढीग पाहिला, दुसरा पाहिला, तिसरा पाहिला. मग घराकडे पाहून मान हलवली.

"काढलं व्हय शेवटी? बरं केलं मास्तरीनबाई. आज ना उद्या व्हायाचंच."

"हो ना," शुभांगी म्हणाली. "किती दिवस तसंच ठेवणार?"

"रडू नगंस."

"धूळ गेलीय डोळ्यांत."

"आसंच म्हनत्यात," असं म्हणून गंगूबाई भराभर चालायला लागल्या. कळशी हिंदकळत होती, पण त्यांचं तिकडे लक्ष नव्हतं.

अर्ध्या तासाने चुलत सासरे विठ्ठलराव आले. परीटघडीचं धोतर, डोक्यावर नवी टोपी. ते खुर्ची मागून घेऊन ढिगांच्या बरोबर मध्ये बसले.

"बाकीचे दोघं कुटं हायेत?"

"कोण दोघं, तात्या?"

"तिघा भावांचे तीन ढीग मांडलेस आन् दोघांचा पत्ता न्हाई? आशी वाटनी मी तरी हुभ्या जल्मात पाह्यली न्हाई."

शुभांगीच्या हातातली गंजकी परात तशीच राहिली. "वाटणी नाही हो तात्या! खोली आवरतेय. हे ठेवायचं, हे कुणाला तरी द्यायचं, हे भंगारात."

विठ्ठलराव समजूतदारपणे हसले. "बाहेर आसंच सांगायचं असतंय. पर मी घरचा हाय."

साडेबाराला चंद्रकांत मोटरसायकलवरून उतरले. ढाब्यावरची गिऱ्हाइकं सोडून आले होते आणि तसं दर दोन वाक्यांनी सांगत होते. एक वाजता दयानंद आणि त्याची बायको दिशा गाडीतून आले.

"वहिनी, एक फोन तर करायचा," दयानंद गाडीतूनच म्हणाला. "आम्ही काय नाही म्हणालो असतो?"

"भावजी, कुणी सांगितलं तुम्हाला?"

"कळतं," दिशा म्हणाली. ती ओट्यापाशी आली, आणि तिची नजर तिसऱ्या ढिगावर थांबली. "ताई, आमचा कूलर ह्या गंजक्यात? म्हणजे हा आमचा वाटा?"

"अगं, तो वाटा नाही. ते टाकायचं आहे."

"बघा! आम्हाला टाकायचं ते!"

"तसं नाही गं. कुणालाच नाही. भंगार आहे ते!"

"आमचा कूलर भंगार?"

चंद्रकांत आपल्या खाटेजवळ उभे राहून दुखावलेल्या आवाजात म्हणाले, "ह्या खाटंवर मला कांजिन्या आल्या व्हत्या."

शुभांगीने शेखरकडे पाहिलं. शेखरने आभाळाकडे पाहिलं. तिने पुन्हा पहिल्यापासून समजावलं, सावकाश, जसं ती नववीला घनता समजावत असे. शेवटी वर्गातल्यासारख्याच सगळ्यांनी माना डोलावल्या आणि विठ्ठलराव म्हणाले, "झालं बोलून? मंग आता रीतीनं करू. थोरल्यानं वाटं पाडायचं, धाकट्यानं पयला उचलायचा."

चंद्रकांतनी बाह्या सरसावल्या. तिन्ही ढीग मोडले आणि नव्याने तीन पडायला लागले. पाट समान वाटले गेले, उरलेल्या एकावर पाच मिनिटं चर्चा झाली. सायकलींचं चौथं चाक विठ्ठलरावांनी न्यायाने स्वतःकडे ठेवलं. जात्याचा वरचा दगड चंद्रकांतकडे गेला, खालचा दयानंदकडे.

शुभांगी पायरीवर बसली. तिची पाठ दुखत होती. बोलण्यात अर्थ नव्हता म्हणून ती नुसती बघत होती, आणि बघताना तिच्या लक्षात आलं की खाट मोटरसायकलला बांधली जातेय. दयानंदच्या गाडीची डिकी उघडलीय. अकरा वर्षांत जे विनवण्यांनी हललं नव्हतं, ते आपल्या पायांनी चाललं होतं.

तिने एक प्रयोग करून बघितला.

"ती गळकी बादली मात्र राहू दे हां इथं," ती म्हणाली.

"का म्हणून?" दिशाने बादली उचलली.

एका निरीक्षणावरून निष्कर्ष काढू नये. शुभांगी म्हणाली, "मोठे भावजी, ती फुटकी ट्रंक आम्हाला लागते."

"आमाला लागत न्हाई व्हय?" चंद्रकांत म्हणाले आणि ट्रंक खाटेवर चढली.

तिसऱ्यांदा तिने उंदराने कुरतडलेल्या गादीवर नुसता प्रेमाने हात ठेवला. गादी गेली.

साडेतीनला मोटरसायकल आणि गाडी दोन्ही निघून गेल्या, विठ्ठलराव चाक घरंगळवत घरी गेले, आणि खोली रिकामी झाली. फरशी हिरवी होती हे शुभांगीला पहिल्यांदा कळलं.

चारला इब्राहिम आला. टेम्पोत टेबल, खाली वजनकाटा. ओट्यावर शेखरचा वाटा उरला होता. इब्राहिमने तो काट्यावर चढवला, पुन्हा उतरवला, पुन्हा चढवला.

"अडतीस किलो, मॅडम."

"शंभर होतं हो. सकाळपर्यंत होतं."

"मग गेलं कुठं?"

"वाटणी झाली," शेखर म्हणाला.

"या अल्ला! कुणाची?"

"कुणाचीच नाही," शुभांगी म्हणाली, आणि तिला एकदम खूप झोप आली. टेबल टेम्पोत दोऱ्यांनी बांधलेलं होतं. कुलूपवाल्या खणाचं तोंड तिच्याकडेच होतं.

"अडतिसात टेबल न्हाई बसत," इब्राहिम नाइलाजाने म्हणाला. "स्टूल देतो. चांगलं स्टूल आहे."

"थांब रं." लीलाबाई माजघरातून बाहेर आल्या. त्यांच्या कडेवर तांब्याचं घंगाळ होतं, बुडाला भोक पडलेलं. "हे घाल काट्यावर. तांबं हाय."

"आई, हे कुठं होतं?" शेखर म्हणाला. "वाटनीत दिसलं न्हाई."

"माज्या म्हायारचं हाय. तुमच्या वाटनीत कशाला दिसंल?"

इब्राहिमने घंगाळ वाजवलं, तोललं, आणि टेबलाच्या दोऱ्या सोडायला लागला.

टेबल खिडकीपाशी बसलं. शुभांगीने खण उघडून बंद केला, कुलूप लावून बघितलं. मग तिने खुर्ची ओढली आणि प्रयोगवह्यांचा गठ्ठा ठेवला. त्याच वेळी लीलाबाई आत आल्या. काखेत त्यांची वाकळ होती, हातात उशी. त्यांनी समोरच्या भिंतीशी वाकळ अंथरली, नीट चारही कोपरे ओढले, आणि बसल्या.

"आई?"

"चाळीस वरसं माजघरात निजतीया. येता जाता ज्याची त्याची लाथ बसती," त्या म्हणाल्या. "ह्या खोलीत वारा येतोय हे मला लगीन होऊन आले तवाच कळलं व्हतं. पर सामान न्यावं म्हनून पोरांना कितींदा सांगितलं. तुझ्यावानीच."

शुभांगीने खुर्ची त्यांच्याकडे वळवली. "दयानंदभावजींना फोन..."

"दोघांनाबी म्याच केला. गंगी वाटनी समजून गेली तवा सुचलं. न्या म्हनलं की कोन न्हेत न्हाई. वाटनी म्हनलं की पळत येत्यात." त्यांनी उशी थोपटली. "टेबल तुजं. पलीकडची भित माझी. वाचताना पुटपुटू नगंस."

"नाही पुटपुटत."

"आन् दार लावून घे."

शुभांगीने उठून दार लावलं. पहिली वही उघडली. खिडकीतून खरंच वारा येत होता. बाहेर शेखरची पावलं स्वयंपाकघरापर्यंत गेली, परत आली, आणि दारापाशी थांबली.

"चहा ठेवतंय ना कुनी?"

शुभांगीने सासूकडे पाहिलं. लीलाबाईंनी डोळे मिटले होते, पण त्यांचा हात हळूच वर आला आणि त्याने कडीकडे बोट दाखवलं. शुभांगीने आवाज न करता कडी घातली, आणि लाल पेन उघडलं.