मॅचिंगवाल्या प्रमिलाकाकू

प्रमिलाकाकू नमुना घेतल्याशिवाय घराबाहेर पडत नाहीत. त्यांच्या पर्समध्ये कागदाच्या पुड्या असतात. एकीत साडीचा दोरा, एकीत फुटक्या फरशीचा तुकडा. एकदा बेकरीत त्यांनी अर्धी खाल्लेली खारी काउंटरवर ठेवली आणि म्हणाल्या, "अश्शी पाहिजे. एवढीच भाजलेली. उन्नीस-बीस चालत न्हाई."

मी लोह्याजवळच्या खेड्यातली. नांदेडला कॉलेजसाठी आले, तेव्हा काकूंच्या घरातली वरची खोली भाड्याने मिळाली. खाली त्यांचं दुकान. ब्लाउजपीस, अस्तर, फॉल. गल्लीत सगळे त्याला मॅचिंग सेंटर म्हणतात. पहिल्या दिवशी त्यांनी मला गाव विचारलं नाही, आडनाव विचारलं नाही. माझ्या ओढणीचं टोक धरून मला दारात उन्हात नेलं आणि म्हणाल्या, "ही या ड्रेसवरची न्हाई."

खरंच नव्हती. ती माझ्या ताईची होती.

दुकानात दोन ट्यूबलाईट आहेत, पण काकूंचा त्यांच्यावर विश्वास नाही. "ट्यूबखाली समदे रंग खोटं बोलतात पोरी. उन्हात बघ." गिऱ्हाईक कुणीही असो, त्याला ओट्यावर यावं लागतं. दुपार कलली की काकू कापड दोन्ही हातांनी वर धरतात आणि त्यांच्या चेहऱ्यावर कधी जांभळा, कधी लिंबोणी उजेड पडतो. मी पुस्तक मांडीवर ठेवून वरच्या खिडकीतून तेच बघत बसते. रंगांची त्यांची नावंही वेगळी. कंधारच्या किल्ल्याच्या खंदकातला हिरवा. गोदावरीवर ऊन उतरताना दिसतो तो राखी. हा राखी अजून कुठल्याच गिरणीला जमला नाही, असं त्या सांगतात, आणि तो न जमल्याचं त्यांना मनापासून वाईट वाटतं.

तर अशा काकूंनी यंदा केस कुरळे करायचं ठरवलं. लातूरला त्यांच्या थोरल्या बहिणीच्या, म्हणजे अक्कांच्या मुलाचं लग्न होतं. त्याआधी मनासारखे कुरळे झालेच पाहिजेत, असा हट्ट. काकूंचं वय अठ्ठावन्न, आणि केस कमरेपर्यंत, सरळ. दिवाळीपासून मेंदी सोडलेली, म्हणून आता करडेही.

समोरच्या सुमनबाईंनी ओट्यावरूनच विचारलं, "प्रमिला, लग्नात नवरी कोन हाय? सून का तू?"

"सून सरळ केसांची हाय," काकू म्हणाल्या. "कुनीतरी कुरळं पाहिजे की मांडवात."

मग त्यांना सगळीकडे कुरळंच दिसायला लागलं. दोडक्याच्या वेलाचे गोल वळलेले तणावे. सुताराच्या रंध्याखालून निघणारी पातळ सालपटं. गच्चीवर वाळत घातलेल्या कुरडया. जे दिसेल ते बोटाला गुंडाळून बघायच्या आणि मान हलवायच्या. "हे सैल हाय. हे लई घट्ट." एकदा भाजीवाल्याने वेलासकट दोडके दिले, तर काकूंनी वेल घेतला आणि दोडके परत केले.

आम्ही तीन पार्लरं फिरलो. मी याआधी कधी पार्लरमध्ये गेले नव्हते. चपला बाहेर काढायच्या का, हेही मला कळेना. पहिल्या दोन ठिकाणी त्यांनी मोबाईलवर फोटो दाखवले. मोठ्या लाटा, बारीक स्प्रिंगा, फक्त टोकाला वळवलेले. काकूंनी एकही पसंत केला नाही. "हे समदे ट्यूबखालचे केस हायेत."

तिसऱ्या पार्लरमधल्या रेश्माताई शांत होत्या. त्यांनी केस गुंडाळायचे रॉड टेबलावर मांडले. लाल सगळ्यात बारीक, जांभळे सगळ्यात जाड. तेव्हा काकूंनी पर्समधून एक पुडी काढली. आत केसांची बट होती. बोटभर, करडी, मऊ, गोल वळलेली.

"अस्से."

"कुणाचे आहेत?" रेश्माताईंनी विचारलं.

"नमुना हाय."

रेश्माताई बट घेऊन दारापर्यंत गेल्या, उजेडात पाहिली. मला वाटतं, तिथेच काकूंना त्या पटल्या. पण परत येऊन म्हणाल्या, "काकू, ही बट आखूड आहे. तुमच्या लांब केसांना असा गोल नाही बसायचा. वजनानं खाली ओढले जातील."

काकूंनी मग अंबाड्याचा काटा काढला. "काप मंग."

"काकू, लग्न आठ दिवसांवर हाय," मी म्हणाले.

"म्हणून तर."

वेणी कापली गेली तेव्हा त्यांनी डोळे मिटले होते. नंतर औषधाच्या उग्र वासात, डोकंभर लाल रॉड घेऊन त्या बसल्या, आणि डोळे न उघडताच म्हणाल्या, "शाळेत जाताना अक्का माझी वेणी घालायची. लई ओढून घालायची. डोळे ताणायचे बघ."

लातूरच्या बसमध्ये त्यांनी बाकीचं सांगितलं. गेल्या वर्षी अक्कांना मोठं आजारपण आलं. औषधांनी सगळे केस गेले. परत आले ते असे कुरळे. "आरशात बघून म्हणती, ही मी न्हाईच. पोराच्या लग्नात मांडवात उभी राहनार न्हाई म्हणती."

"मग ती बट?"

"झोपली होती तव्हा कापली," काकू खिडकीबाहेर बघत म्हणाल्या.

लग्नघरी सगळे मांडवात होते. अक्का एकट्या आतल्या खोलीत, डोक्यावरचा पदर हनुवटीपाशी घट्ट धरून. काकूंना बघून त्यांचा हात सुटला.

"प्रमे! काय करून आलीस गं हे?"

काकूंनी मनगट धरून अक्कांना मागच्या अंगणात उन्हात आणलं, त्यांच्या डोक्याला डोकं लावलं आणि मला हाक मारली. "बघ गं पोरी. लागलं का मॅचिंग?"

मी बघितलं. अक्कांचे केस मऊ होते, काकूंचे जरासे राठ. उन्हात खोटं बोलणं मला जमेना.

"थोडं... उन्नीस-बीस हाय, काकू."

अक्का काकूंच्या केसांत बोटं घालून हसत होत्या. पदर खांद्यावर आला होता, आणि त्यांनी तो वर ओढला नव्हता. काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं.

"चालतंय," त्या म्हणाल्या.