जगाच्या फायलीवर खामगावचा रुमाल

"आजपासून जगातल्या फायली खामगावच्या भरवशावर," असं नीळकंठनं गुरुवारी सकाळी जाहीर केलं. ऐकायला दोघं होती: वडील महादेवराव आणि लग्नपत्रिका छापायचं मशीन.

महादेवराव म्हणाले, "पह्यले नळाले पाणी आलं काय ते पाह्य."

पाणी आलं नव्हतं. पण बातमी खरी होती. साल दोन हजार चार. एका कॉम्प्युटरवरच्या फायली दुसऱ्यांवरून उघडता याव्यात, असा एक प्रोग्राम जगभरची हौशी माणसं फुकटात, मिळून लिहीत होती. त्याचा कोड कोणीही वाचावा, कोणीही सुधारावा. प्रेसमधल्या तीन कॉम्प्युटरांसाठी नीळकंठनं तो आणला आणि वर्षभर त्यात नाक खुपसलं. कारण दुखरं होतं. दोघांनी एकच पत्रिका एकदम उघडली आणि नांदुऱ्याच्या नवरीपुढे मेहकरचा नवरदेव छापून गेला. ती जोडी नंतर कोणाला आवडलीही होती म्हणतात, पण पाचशे पत्रिका वाया गेल्या.

प्रोग्रामात तशी सोय होती. एकानं फाईल उघडली, की तिला कुलूप लागायचं. पण वीज गेली की कुलूपही जायचं. प्रोग्रामाची सूत्रं जर्मनीत होती; तिथे वीज जात नसावी, म्हणून कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं. खामगावात ती फक्त अधूनमधून भेटायला यायची. नीळकंठनं नवं कुलूप लिहून धाडलं: वीज जावो, मशीन मरो, ज्यानं लावलं त्यानंच काढावं. "यष्टीत खिडकीतून रुमाल टाकतो ना, तसं," तो सांगायचा. "माह्या हातानं बी निघत नाही."

जर्मनीतले प्रमुख खूश झाले. कुलपाच्या भागाचा मेंटेनर, म्हणजे राखणदार, म्हणून त्याचं नाव यादीत चढलं. अट एकच. रविवारी नवी आवृत्ती निघेपर्यंत कुलपाबद्दल एकही रास्त तक्रार यायला नको. आली, की नाव खाली.

तीन दिवस काढायचे होते. साडेदहाला उकंडराव आले.

उकंडराव हे महादेवरावांचे थोरले चुलत भाऊ. राहणार वरवट बकाल, तीस वर्षं यष्टीत कंडक्टर. अजूनही ते दारातून आत शिरले की माणसं सुटे पैसे चाचपत. नीळकंठच्या बहिणीच्या पत्रिकेचा नमुना त्यांनी वरून खाली वाचला, मग उलटा करून मागची कोरी बाजूही वाचली.

"महादेव, यात माह्यं नाव कुठी हाय?"

"राह्यलं वाटते, दादा. आत्ता टाकतो."

"टाक. मी पाहूनच जातो. चारची गाडी हाय. नाव दिसलं तं लग्नाले येतो."

"दोन मिन्टाचं काम हाय, मोठेबाबा," म्हणत नीळकंठ फाईल उघडायला बसला. उघडेना.

पत्रिका सकाळी आठला ऑपरेटर दयारामनं उघडली होती. मग वीज गेली. वीज नाही म्हणून दयाराम गुरुवारच्या दर्शनाला शेगावला गेला. वीज परत आली, दयाराम आला नाही. कुलूप मात्र घरजावयासारखं जागचं हललं नव्हतं.

"उघडत काऊन नाही?"

"दयारामचा रुमाल हाय त्याच्यावर."

"अन् दयाराम?"

"शेगावच्या रांगेत."

"मंग काढून फेक."

"मले काढता येत नाही. तीच तं त्याची खुबी हाय."

उकंडरावांनी त्याच्याकडे विनातिकीट प्रवाशाकडे पाहावं तसं पाहिलं. "कोनं बनवलं हे?"

"जगानं मिळून. सारं उघडं असते, मोठेबाबा. कोनीही पाहावं, कोनीही तक्रार करावी."

बोलून गेल्यावर नीळकंठनं जीभ चावली. पण उशीर झाला होता.

"तक्रार? मंग काढ तक्रार पुस्तक."

"पुस्तक नसते. पत्र धाडा लागते, इंग्रजीत."

"मी सांगतो, तू लिही. पुस्तक मांगून दिलं नाही तं आमच्यात कंडक्टर सस्पेंड होये."

"लिही बे," महादेवराव म्हणाले. "बहिणीचं लग्न हाय."

नीळकंठ स्वतःविरुद्धची तक्रार लिहू लागला. 'कधीकधी किंचित विलंब होतो,' इथवर आला.

"काय लिहिलं, वाच."

त्यानं वाचलं.

"विलंब? लबाड लिहून राह्यला. लिही, सीट रिकामी अन् प्रवासी उभा. अन् हेही लिही. रुमाल म्हंजे सातबारा नाही. बेल माराच्या आधी मी तीनदा इचारत होतो, हा रुमाल कोनाचा? कोनी बोललं नाही की रुमाल माह्या खांद्यावर अन् सीट उभ्या बाईले."

नीळकंठची बोटं थांबली. कुलपावर काम करणाऱ्या तीन देशांतल्या सात माणसांना वर्षभरात हे सुचलं नव्हतं. मशीननं थोड्या थोड्या वेळानं विचारायचं. तीनदा जबाब नाही आला, की कुलूप बाद. अडीच वाजेपर्यंत त्यानं ते लिहून काढलं. प्रेसच्या मशीननं दयारामला तीनदा पुकारलं. दयाराम शेगावात होता. पत्रिका उघडली, नाव चढलं. तक्रार आणि उपाय एकाच पत्रातून जर्मनीला गेले. उकंडरावांनी पत्र पोचल्याची पावती मागितली, मिळणार नाही म्हटल्यावर ती नीळकंठच्या सहीनं घेतली आणि चारची गाडी धरली.

शनिवारी ते पत्रिकांचा गठ्ठा न्यायला आले, तेव्हा जर्मनीचं उत्तर आलेलं होतं. नीळकंठनं पडल्या आवाजात मराठी करून वाचलं: "तक्रार रास्त आहे. उपाय फार चांगला आहे. नीळकंठ यांचं नाव राखणदारांच्या यादीतून काढलं आहे. नव्या आवृत्तीत तक्रार आणि युक्ती या दोन्हींसाठी 'उकंडराव, खामगाव' असा उल्लेख केला आहे. जगात जिथे जिथे हा कोड जाईल, तिथे तो राहील."

उकंडरावांनी चष्मा पुसला, पडद्याला नाक लावून आपलं नाव अक्षर अक्षर तपासलं आणि नीळकंठच्या खांद्यावर हात ठेवला.

"चांगलं छापलं. फक्त नावाआधी 'श्री.' राह्यला अन् गाव चुकलं. खामगाव नाही, मुक्काम पोस्ट वरवट बकाल. रविवारच्या आत तेवढं सुधरून घे. तुह्या वळखीचेच हायत ना ते?"