मंडपवाल्याच्या दारात मंडप

शनिवारी दुपारपासून साहेबराव खरात स्वतःच्याच अंगणात मोठा स्क्रीन बांधून घेत होते. तीर्थपुरीत कुणाचं लग्न निघो की कुणी डोळे मिटो; मंडप, खुर्च्या, स्पीकर आणि स्क्रीन साहेबरावांचेच. पण आजचं कार्य घरचं होतं. लेक मोनाली हंगेरीत शिकायला गेली होती आणि तिथल्या एका क्लबाकडून बर्फावरची हॉकी खेळत होती. ऑस्ट्रिया, इटली, हंगेरी अशा कितीतरी देशांतल्या बायकांचे संघ एकाच लीगमध्ये एकमेकांशी भिडत, आणि मोनाली गोल अडवायला उभी राही. साहेबराव आणि त्यांच्या पत्नी कांताबाई आजवर हे सामने डोक्याला डोकं लावून मोबाइलवर पाहत. मोबाइलवर लेक करंगळीएवढी दिसायची. आज ती गावाला पुरुषभर उंच दिसावी, एवढीच साहेबरावांची हौस.

शेजारचे बद्रीनाथ, गावचे माजी सरपंच, पहिल्या रांगेत येऊन बसले. मोनाली जालन्याला मावशीकडे राहून चाकाच्या बुटांवर पळायला शिकली, तेव्हा हेच बद्रीनाथ म्हणाले होते, "पोरीच्या पायाला चाकं लावली साहेबराव, आता ती घरात थांबती व्हय?" पोरगी थांबली नाही हे खरंच. म्हणून बद्रीनाथांना आपला शब्द खरा झाल्याचं समाधान होतं.

सामना सुरू झाला. पुतण्या भारत लॅपटॉपपाशी बसला होता.

"काका, चेंडू कुठंय?"

"चेंडू नसतो. काळी चकती असती."

"मला तर दिसंना."

"मलाबी दिसत न्हाई. मोनालीला दिसती, बास झालं."

मोनाली जाळीपुढे उभी होती. तोंडावर जाळीचा मुखवटा, पायांना गादीएवढे पॅड, पाठीवर इंग्रजीत ठसठशीत 'खरात'. ते नाव स्क्रीनवर आलं की साहेबराव मागे वळून गावाकडे पाहत. गाव टाळ्या वाजवी.

मग एकाएकी दोन पोरी वाऱ्यासारख्या जाळीवर आल्या. एकमेकींत गुंतल्या आणि तशाच मोनालीवर आदळल्या. तिचं डोकं गोलाच्या लोखंडी खांबावर आपटलं. ती आडवी झाली. उठली नाही. कुणीतरी हात वर करून डॉक्टरला बोलावत होतं, आणि नेमकं त्याच क्षणी इंटरनेट गेलं.

चित्र थिजलं. बारा फुटी स्क्रीनवर पांढराशुभ्र बर्फ, त्यावर पालथी पडलेली पोर आणि तिच्या पाठीवर 'खरात'.

भारतने सगळी बटणं दाबून पाहिली. नेट येईना. शेवटी तो हळूच म्हणाला, "काका, बंद करू का?"

"नको," साहेबराव म्हणाले. "राहू दे तसंच. बंद केलं आन् मंग काही झालं तर?"

मोनालीचा फोन लागेना. भारतने चौकात जाऊन, दुसऱ्याचं नेट घेऊन क्लबाचा नंबर शोधला. तिकडून एक बाई त्यांच्या भाषेत सावकाश काहीतरी बोलली आणि फोन कटला. पुन्हा लावला, तर बाई तेच बोलली, त्याच सुरात. यूट्यूबवर गावच्या बातम्या देणारा राधेश्याम शेजारी कान लावून उभा होता.

"काय म्हणून राह्यली?"

"कळंना. रेकॉर्डिंग असंल. शनिवारचं ऑफिस बंद असंल."

"बिलकुल न्हाई," राधेश्याम म्हणाला. "आवाज ऐक ना. बाई दुःखात हाय."

पुढच्या चहापर्यंत राधेश्यामने थिजलेल्या स्क्रीनसमोर उभं राहून बातमी दिली. तो स्वतः 'गंभीर' म्हणाला होता. बातमी बसस्टँडला पोहोचली तेव्हा 'अतिगंभीर' झाली होती, आणि घनसावंगीच्या जीपमध्ये बसून ती गेली तेव्हा मोनालीचं नाव, मेलेल्या माणसाचं घेतात तसं, 'कालकथित' लावून घेतलं जात होतं. तिथल्या कुणीतरी फोटोला मेणबत्ती जोडून स्टेटस ठेवलं. ते स्टेटस फिरून तीर्थपुरीत आलं, आणि राधेश्यामला वाटलं, चला, बाहेरूनही दुजोरा मिळाला.

कांताबाई मात्र रडेनात. त्या स्क्रीनजवळ गेल्या, बराच वेळ पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "ही आपली मोनाली न्हाई."

"अगं, पाठीवर नाव लिव्हलंय."

"लिव्हलं असंल. मोनाली पडली की आधी उजवा हात टेकती. डावा मोडला व्हता तवापासून तिची सवय हाय ती. ही दोन्ही हात सोडून पडली."

"हंगेरीत दुसरे खरात कुठून येतील, कांता?"

"ते मला काय माहीत? पण ही न्हाई."

बायांनी एकमेकींकडे पाहिलं. बिचारीच्या जिवाला धक्का बसलाय, असं ठरलं. कुणी त्यांना कांदा हुंगवला, कुणी बळेच पाणी पाजलं. "रड माय, मोकळी हो," म्हणून दोघींनी त्यांना हलवून पाहिलं. कांताबाई रडत नाहीत म्हणून त्या दोघीच रडल्या.

रविवारी सकाळी साहेबराव बाहेर आले तर दारात मंडप उभा होता. त्यांच्याच गड्यांनी, त्यांना न विचारता, गोदामातलं पांढरं कापड काढून ताणलं होतं. खाली पांढऱ्या खोळांच्या खुर्च्या. टेबलावर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, शेजारी मोनालीच्या दहावीच्या फोटोची चौकट. गडी माना खाली घालून उभे होते. लोक येणार, त्यांना उन्हात कसं बसवायचं, एवढाच विचार त्यांनी केला होता.

साहेबरावांनी काहीतरी बोलायला हवं होतं. ओरडायला हवं होतं, कापड फाडायला हवं होतं. ते म्हणाले, "कोपऱ्याचा खांब तिरका हाय." आणि स्वतः जाऊन त्यांनी तो सरळ केला.

घनसावंगीहून बहीण साळूबाई जीपभर माणसं घेऊन आली. तिचा हंबरडा वेशीपासून ऐकू येत होता. तिने साहेबरावांच्या गळ्यात पडून विचारलं, "कधी आणणार रे लेकीला?" तेव्हा पहिल्यांदाच साहेबरावांच्या ध्यानात आलं, की तिला आणायचं म्हणजे काय आणायचं. त्यांनी जवळची खुर्ची ओढली आणि ते बसले. दारात बसलेल्या कांताबाईंच्या हातात मोबाइल होता आणि त्या पुन्हा पुन्हा एकच नंबर लावत होत्या. मागे स्क्रीनवर ती पोर कालपासून तशीच पडून होती. दिवसाउजेडी चित्र फिकट दिसत होतं, इतकंच.

त्रिशरण-पंचशील झालं. बद्रीनाथ माइकपाशी गेले. शुक्रवारच्या लग्नातल्या ऑर्केस्ट्राला लावलेला एको कुणी काढलाच नव्हता.

"आपली मोनाली... नाली... नाली... आपल्याला सोडून... डून... डून..."

साहेबरावांचा हात सवयीने वर गेला. त्यांनी भारतला बोटाने खूण केली, एको कमी कर. मग आपण काय करतोय ते कळून त्यांनी हात मांडीखाली दाबून धरला.

"तिच्या पायाला चाकं लागली तवा सगळं गाव हसलं. एकटा मी म्हणालो, साहेबराव, ही पोरगी घरात थांबायची न्हाई, ही जग फिरंल! असं रत्न... रत्न... रत्न..."

लोकांनी डोळे पुसले. बद्रीनाथांनीही पुसले, आणि ते खरोखर ओले होते.

तेवढ्यात कांताबाई उठल्या. फोन कानाला होता. त्या भाषणाच्या मधून, खुर्च्यांच्या रांगेतून सरळ चालत आल्या आणि त्यांनी फोन साहेबरावांच्या हातात दिला. "घ्या. बोला तुमच्या लेकीसंगं."

"बाबा?"

साहेबराव फोन घेऊन घराच्या मागे, गोठ्यापाशी गेले.

"बाबा, माय म्हणती दारात मंडप टाकलाय? अहो, मला काही न्हाई झालं. माझा फोन बर्फाच्या रिंकवर, धुण्याच्या खोलीत राहिल्ता, आता एका पोरीनं आणून दिला. मी रात्रभर दवाखान्यातच हाय."

"लागलं का लय?"

"मला न्हाई हो. ती मी नव्हतेच. ती पेत्रा, माझी रूममेट. स्लोव्हाकियाची. बाबा, मला दिवाळीतच टीममधून काढलं. पेत्रा नवीन आल्ती, तिचा टी-शर्ट शिवून आला नव्हता, म्हणून माझाच दिला तिला. मंग तोच चालू राहिला. मी तिथंच टीमचे कपडे धुती."

"आन् दर शनिवारी आम्ही...?"

"तुम्ही तिलाच बघत व्हते. फोनवर तुम्ही लय खूश असायचे. मला सांगता न्हाई आलं. बाबा, गावात न्हाई ना सांगणार? हात जोडती."

"ती पोरगी कशी हाय?"

"श्वास चालू हाय. डोळे न्हाई उघडले अजून."

साहेबराव फोन हातात धरूनच मंडपात आले. कांताबाईंनी तोवर बातमी फोडली होती आणि अंगणाचा नूर पालटला होता. साळूबाई हसता हसता रडत होती. कुणी फोटोचा हार काढून साहेबरावांच्याच गळ्यात घालायला धावलं. बद्रीनाथ माइक सोडायला तयार नव्हते. "आपली वाघीण मरणाच्या दाढेतून परत आली... आली... आली! फायनलला पुन्हा जाळीपुढं उभी राहणार!" राधेश्यामने मोबाइल साहेबरावांच्या तोंडापुढे धरला. "दादा, लाइव्ह हाय. सांगा, वाघीण काय म्हणाली?"

नुसती मान हलवली असती तरी निभावलं असतं. साहेबरावांनी वर पाहिलं. स्क्रीनवर ती पोर पडून होती. आपण हो म्हणालो, तर आपली लेक उठून उभी राहील. पण मग ही कोण राहील? तिच्यासाठी या अंगणात कुणीच बसलेलं नसेल.

त्यांनी बद्रीनाथांच्या हातून माइक घेतला.

"ती पडलेली माझी मोनाली न्हाई. ती दुसऱ्याची लेक हाय, पेत्रा तिचं नाव. ती अजून शुद्धीवर न्हाई. मोनाली टीममध्ये न्हाई. दिवाळीपासून ती त्यांचे कपडे धुती."

"धुती... धुती... धुती," स्पीकर म्हणाला.

खुर्च्या सरकू लागल्या. राधेश्यामने मोबाइल खाली घेतला. "धुणं धुवायला हंगेरीला कशाला जायला पाहिजे?" कुणीतरी पुटपुटलं, आणि त्याला कुणी गप्प केलं नाही. बद्रीनाथ टोपी झटकत म्हणाले, "मी तवाच म्हणालो व्हतो साहेबराव, पोरीला चाकं लावू नका. पण आमचं ऐकतो कोण?" घनसावंगीची जीप भरली. साळूबाईला माणसं सोडायची होती, ती चढताना म्हणाली, "जीव तर वाचला दादा, पण एवढ्या लोकांत..." आणि वाक्य तिने पुरं केलं नाही. मेलेल्या वाघिणीसाठी कामधंदा सोडून आलेली माणसं जित्या धोबिणीला सोडून, थोडीशी फसवल्यासारखी, घरी गेली.

भारतही एको बंद करून खाली मान घालून निघून गेला. साहेबराव रिकाम्या खुर्च्यांत बसले. फोन अजून चालूच होता.

"सगळं ऐकलं मी, बाबा," मोनाली म्हणाली. "रागावले?"

साहेबरावांनी विचारलं, "सगळ्या टीमचे धुती?"

"सगळ्यांचे."

"वास येत असंल."

"लय येतो." ती रडत होती की हसत होती, ते कळलं नाही.

"हातानं धुवावं लागतं?"

"न्हाई, मशीन हाय."

"पाणी गरम येतं का तिथं?"

"येतं, बाबा."

"मंग ठीक हाय."

कांताबाईंनी फोन ओढून घेतला. "त्या पोरीची आई आली का?"

"न्हाई गं माय. रेल्वेत हाय. दुपारी पोहोचंल."

"तू कुठंय?"

"तिच्या खाटेपाशीच बसली."

"फोन लाव तिच्या कानाला."

"माय, तिला मराठी कुठं कळतं?"

"तिला बोल म्हणाले का मी? फोन लाव."

पलीकडे काहीतरी सरकल्याचा आवाज आला. नर्सशी दोन शब्द झाले. मग नुसती कुठल्याशा यंत्राची टिकटिक ऐकू येऊ लागली.

साहेबराव तोवर उठून खुर्च्या एकात एक घालायला लागले होते. कांताबाईंनी फोन तोंडाजवळ धरला आणि रोज सकाळी घरात बोलत असत तशाच, जरा करड्या आवाजात म्हणाल्या, "ऊठ गं बाई. किती झोपतीस? चहा गार होऊन राह्यला."

साहेबरावांनी उचललेली खुर्ची तशीच हातात धरून ठेवली. खाली टेकवली असती तर आवाज झाला असता.