तिखट नाकाचं शटर

इस्त्रीच्या खोलीला आगरोधक शटर बसवा, नाहीतर लाँड्रीला टाळं लावू, असं अग्निशमन खात्याने कळवलं तेव्हा दुसरा कुणी असता तर त्याच्या तोंडचं पाणी पळालं असतं. आमच्या शंभरटक्क्यांनी मात्र मिशीला पीळ दिला. त्यांना काहीही विचारा, "शंभर टक्के!" हे उत्तर ठरलेलं, म्हणून गल्लीने हे नाव पाडलेलं. खरं नाव फक्त बायकोला ठाऊक, आणि ती तर "अहो" म्हणते!

फिटरने दोन प्रकारची शटरं सांगितली. "काका, एक उष्णता फार वाढली की आपोआप खाली येतं. दुसरं नुसता धूर जाणवला की येतं. तुमच्या धंद्याला पहिलं बरं."

"उष्णता वाढेपर्यंत मी काय हात शेकत बसू? मला तिखट नाकाचं पाहिजे!"

"अहो, पण आपली प्रेस दिवसभर वाफ सोडते," बायको म्हणाली.

"वाफ आणि धूर यातला फरक ज्याला कळत नाही, ते कसलं शटर?"

शटर पुन्हा वर घ्यायची कळ दोन्ही बाजूंना हवी, असंही फिटर म्हणत होता. पण शंभरटक्क्यांना दूरदृष्टीचा झटका आला होता. "बाहेर कळ लावली तर गिऱ्हाइकांची पोरं दिवसभर खालीवर खेळतील! आतच लाव."

"नक्की?"

"शंभर टक्के!"

फिटरने खांदे उडवले आणि सांगितलं तसं केलं. त्या दिवशी प्रेस बंद होती, त्यामुळे शटर शहाण्या बाळासारखं वर गुंडाळून बसलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अग्निशमन खात्याचे साहेब तपासणीला आले. एका दगडात दोन पक्षी, कारण त्यांचा गणवेशही इथेच इस्त्रीला पडला होता. दुपारी त्यांचा जाहीर सत्कार होता आणि अंगावर घरातला चुरगळलेला सदरा.

"बायको आत तुमच्याच कोटावर शेवटचा हात फिरवतेय," शंभरटक्के म्हणाले. "तोवर शटर बघा! असं नाक तुम्ही—"

तेवढ्यात बायको वाफाळत्या प्रेसकडे पाठ करून बाहेर आली. "साहेब, बाहीला घडी ठेवू की नको?"

धाडकन शटर आलं! तिच्या टाचेला चाटून आलं.

"बघितलंत?" शंभरटक्के टाळ्या पिटत ओरडले. "धूर नाही, आग नाही, तरी पडलं! खरंच आग लागली असती तर काय केलं असतं विचार करा!"

"उत्तम," साहेब म्हणाले. "आता उघडा."

शंभरटक्क्यांनी मिशी चाचपली. "कळ आत आहे."

"मग आत जा."

"आत जायचं दार शटरमागे आहे."

बायकोने काउंटरमागचं मेन स्विच बंद केलं. नाहीतर प्रेस पेटून शटरची खरीच परीक्षा झाली असती! तिनेच फिटरला फोन लावला. तो दुसऱ्या गावी कामावर. "संध्याकाळी येतो. तोवर काकांना म्हणावं, जोर लावू नका. जे आगीला जुमानत नाही, ते काकांना काय जुमानणार?"

"माझा गणवेश!" साहेबांचा आवाज चिरकला. "तिथे काय या सदऱ्यात जाऊ? सत्कार बुडाला ना, तर तुमचं दुकान आजच बंद!"

वडिलांनी उभी केलेली लाँड्री, आणि ती आपल्या हाताने बुडवायची! शंभरटक्के तयार कपड्यांच्या दांडीकडे धावले. साहेबांच्या पोटावर बसेल असा एकच कोट निघाला. तो बँडमास्तरांचा होता. लाल, सोनेरी झालरीचा, खांद्यावर गोंडे!

साहेब तोच घालून गेले.

संध्याकाळी ते फिटरच्या मागोमाग परत आले, गोंड्यांसकट. शंभरटक्के काउंटरची कड धरून उभे राहिले.

"सत्कार झाला," साहेब म्हणाले. "टाळ्याही पडल्या. मग सगळे म्हणाले, आता काहीतरी वाजवा." फिटरने जाळी कापून मागच्या खिडकीतून आत उतरून शटर उघडलं. साहेबांनी आपला गणवेश काखेत मारला. "शटर मजबूत आहे, दुकान बंद करत नाही. पण याच्या जागी उष्णतेवर चालणारं बसवा, दोन्हीकडे कळ लावा. आणि ते येईपर्यंत इथे वाफेची प्रेस किंवा साधी इस्त्रीही लावायची नाही!"

लाँड्रीत वाफ नाही! इकडे कपड्यांचे ढीग छताला टेकायला निघालेले. शेवटी बायकोने जुना उपाय काढला. पाणी शिंपडून विजारी गादीखाली सरळ घातल्या आणि वर वजन म्हणून शंभरटक्क्यांना बसवलं.

"अहो, चहा घ्यायला उठता?"

"कसा उठू? घडी मोडेल."

"नीट बसेल ना पण घडी?"

शंभरटक्के जरा सरकले, गादी हाताने दाबून बघितली आणि खालमानेने म्हणाले, "पन्नास टक्के."