भाकरीवरची बुरशी

आमच्या वरच्या मजल्यावरचे सोनवणे सर माणसाचं तोंड नंतर बघतात, आधी हात बघतात. जिन्यात गाठ पडली की मी नमस्काराला हात जोडतो आणि सर ते जोडलेले हात उघडून तळवे तपासतात. "नखं बघा की तुमची! लई जंतू!" मी पन्नाशी उलटलेला बँकेतला अधिकारी, पण सरांपुढे माझी दुसरीतल्या पोरासारखी गत होते.

सर मूळचे पिशोरचे. जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलं. बायको चार वर्षांपूर्वी गेली, मुलगा पुण्याला. निवृत्तीनंतर लोक देवधर्माला लागतात, सर जंतूंच्या मागे लागले. एका लग्नाला आम्ही बरोबर गेलो, तर ते बुफेच्या तोंडाशी उभे राहून येईल त्याला "हात धुतले का?" विचारत होते. नवरदेवालाही सोडलं नाही. रांग पार मांडवाबाहेर गेली. शेवटी मुलीच्या बापानं आम्हा दोघांना आधी जेवायला बसवलं, तेव्हा कुठे कटकट मिटली.

उन्हाळ्याच्या सुट्टीत सरांनी बिल्डिंगमधली सहा पोरं आपल्या घरी जमवून प्रयोग मांडला. "पावात औषध आसतं, त्याला बुरशीबी तोंड लावत नाय," म्हणून ज्वारीची भाकरी घेतली. तिचे तीन तुकडे. पहिल्याला खेळून आलेले हात लावायचे, दुसऱ्याला नुसत्या पाण्यानं धुतलेले, तिसऱ्याला साबणानं धुतलेले. मग तिन्ही वेगवेगळ्या पिशव्यांत बंद.

"तिसरा तुकडा कोरा राहिला पाह्यजे," सर मला म्हणाले. "एकदा डोळ्यांनी बघितलं ना, पोरं जन्मात इसरायची नाईत."

प्रयोग सोपाच, पण आमच्या गावात नळाला पाणी येतं आठवड्यातून एकदा, तेही तासभर. इथं पाहुणे येणार म्हटलं की आधी किती दिवस ते विचारतात. आणि प्रयोगाबरोबर सरांनी पोरांना नियमही घातला, की रोज घरी साबण लावून तेराचा पाढा संपेस्तोवर हात चोळायचे, दिवसातून चार वेळा. तिसऱ्याच दिवशी आया तक्रार घेऊन आल्या. "सर, जंतू मरतील तेव्हा मरतील, आमची टाकी आजच मेली."

"मग पोरं माझ्याकडं धाडा. पाणी माझं," सर म्हणाले.

तेव्हापासून वर दिवसभर दंगा. तेराचा पाढा, बादल्यांची आदळआपट, सरांचं ओरडणं. आमची धाकटी लेक मनूही त्यातच होती. मला दुपारची झोप मिळेनाशी झाली.

आठव्या दिवशी सगळ्यांसमोर पिशव्या उजेडात धरल्या. पहिल्या तुकड्यावर हिरवी बुरशी. दुसऱ्यावरही. तिसऱ्यावर तर सगळ्यात दाट.

"सर, साबण हरला!" मनू ओरडली आणि पोरं हसून हसून लोळली.

मी सरांच्या कानात म्हणालो, "अहो, गुपचूप तिसरा तुकडा बदलायचा ना."

"पोरांशी लबाडी करू व्हय?" सर म्हणाले, आणि आयांच्या देखत त्यांनी सांगून टाकलं, "साबणाची चूक नाय. माझ्या ड्रमातलं पाणी शिळं, आठ दिवसांचं. त्यातच जंतू झाले आसतील."

झालं! शिळ्या पाण्याचं ऐकल्यावर कोण पोरांना पाठवतं? पाणी सगळ्यांच्याच घरात तितकंच शिळं होतं, पण ते कोणी बोललं नाही. मीही मनूला वर जाऊ नको म्हणालो. खोटं कशाला सांगू, झोप मिळेल म्हणून मला बरंच वाटलं.

पुढच्या नळाच्या दिवशी आमच्या गॅलरीत वरून पाण्याची धार लागली. या गावात पाणी सांडणं म्हणजे पापच. मी तणतणत वर गेलो. दार उघडंच होतं. ड्रम, बादल्या, पातेली, सगळं काठोकाठ भरून वाहत होतं आणि सर नळाशेजारी नुसते बसले होते.

"सर, अहो, नळ बंद करा!"

"भरलेलंच हाय सगळं," ते म्हणाले. "मागच्या खेपेचंबी तसंच हाय."

कोपऱ्यात उष्ट्या पत्रावळींचा ढीग होता. मी तिकडे बघतोय हे पाहून ते ओशाळले. "भांडी घासायला पाणी लागतं ना. आंघोळबी एका तांब्यात उरकायचो. पोरांना कमी पडाया नको म्हणून."

मी नळ बंद केला. घर एकदम गप्प झालं.

"आता एवढं पाणी मी एकटा काय करू हो?" सर म्हणाले आणि तोंडावर हात घेऊन हुंदके द्यायला लागले.

या गावात पाणी उरलं म्हणून रडणारा माणूस मी पहिल्यांदाच बघत होतो.